वहिनींची गुरुवारची वही

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "मंजू, शालू गेली," एवढंच म्हणाले. वहिनी जेवून खुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या निळ्या वहीचा. ती आता कुणाच्या हाती लागणार? या गोष्टीला दीड महिना झाला, तरी हे लिहिताना लाज वाटते. पण वहिनींना खोटं वाक्य चालत नसे, म्हणून लिहितेय.

शालिनीवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. साताऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवायच्या. लग्न होऊन जर्मनीत ब्योब्लिंगेनला आल्या आणि इथे त्यांच्या पदवीला मान्यता काही मिळेना. 'अनेर्केनुंग' हा मान्यतेचा जर्मन शब्द त्या एखाद्या जुनाट दुखण्याचं नाव घ्यावं तसा उच्चारायच्या. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच शाळा मांडली. इथल्या कंपन्यांत आलेल्या चिनी इंजिनिअरांच्या बायका त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला यायच्या. पुढे आम्ही त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आलो, तोवर एकच विद्यार्थिनी उरली होती, लिन. ती दर गुरुवारी तीन वाजता यायची, जिन्यात भेटली की मान लववायची आणि वर जायची. मला तिचा पहिल्यापासून संशय. इतकी वर्षं कुणी एकाच बाईकडे इंग्रजी शिकतं का? माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. जे नीट चाललंय त्यात खोट शोधायची, ही सवय घरी येताना ऑफिसात ठेवून येता येत नाही.

एकदा विचारलं, "वहिनी, एवढं काय शिकवता हो तिला?" म्हणाल्या, सध्या 'टेक' हे एकच क्रियापद चाललंय, गेले चार महिने. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या रंगात आल्या. म्हणाल्या, आपण औषध घेतो, चिनी लोक ते खातात. बस आपण पकडतो, ते बसमध्ये नुसते बसतात. फोटो आपण काढतो आणि ते म्हणे थोपटतात! इंग्रजांनी या सगळ्याला एकच क्रियापद ठेवलंय, आळशी लेकाचे. लिन बिचारी प्रत्येक ठिकाणी आपलं चिनी क्रियापद उचलून आणते आणि अडखळते. त्यावर वहिनींचा उपाय एकच, प्रत्येक अर्थाला एक वाक्य, आणि ते घरातलं, खरं असलेलं. "पुस्तकातला जॉन बस पकडतो, त्याचं कुणाला काय पडलंय? खरं वाक्य विसरता येत नाही, मंजू." ती वाक्यं निळ्या वहीत. डावीकडे इंग्रजी वहिनींचं, उजवीकडे चिनी लिनचं.

मागच्या वर्षी भाऊजी आणि वहिनी महिनाभर भारतात गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. वही फळीवर होती. मी ती काढली आणि खाली घरी घेऊन आले. भाऊजी बस पकडतात, भाऊजी दुपारची डुलकी काढतात, माझी जाऊ साखर दोन चमचे घेते आणि एकच सांगते... इथवर हसू आलं. पुढच्या पानावर होतं, माझी जाऊ रोज सकाळी एक गोळी घेते आणि कुणालाही सांगत नाही.

ही गोळी उदासीवरची. जगात तीन माणसांना ठाऊक होती, मी, माझी डॉक्टर आणि वहिनी. नवऱ्यालाही मी व्हिटॅमिन म्हणून सांगितलं होतं. ज्या दिवशी पहिली गोळी घ्यायची माझी छाती होईना, त्या दिवशी वहिनी माझ्या ओट्यापाशी पाण्याचा पेला धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीच ते वहीत लिहिलं? उजवीकडच्या चिनी अक्षरांवर मी मोबाईलचं भाषांतराचं ॲप धरलं. 'औषध खाते', त्यानं सांगितलं. म्हणजे आता दोन भाषांत झालं होतं. मी वही जागेवर ठेवली, अगदी होती तशीच तिरकी.

वहिनी परतल्या. मी काही विचारलं नाही, फक्त जाणं कमी केलं. आमच्याकडे केअरवोखची पाटी असते. ज्याच्या दाराला ती पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. पूर्वी ती देताना चहा ठरलेला. आता मी ती मुकाट्यानं त्यांच्या दाराला अडकवून खाली यायची. लिन जिन्यात मान लववायची, आणि मला वाटायचं हिला सगळं माहीत आहे, ही माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघतेय. एकदा वहिनींनी मला पाटीसकट गाठलं. "काही झालंय का गं?" मी म्हटलं, "कुठे काय." "बरं," म्हणाल्या... माझ्याशी त्यांचं तेच शेवटचं धड बोलणं.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी बरोबर तीनला माझी बेल वाजली. दारात लिन, एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात निळी वही. भाऊजींनी वही तिला देऊन टाकली होती. मी तिला बसवलं, पण मनात एकच, ही आता काय काढणार?

तिनं गोळीचंच पान उघडलं. हळूहळू, इंग्रजी शब्द चाचपत बोलत गेली. दोन वर्षांपूर्वी तिला झोप लागत नव्हती, जगावंसं वाटत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं खणात लपवल्या. असल्या गोळ्या वेडे खातात, असं तिच्या माहेरी म्हणत. तिनं फक्त वहिनींना सांगितलं. वहिनींनी त्यावर काही उपदेश केला नाही. वही ओढली आणि हे वाक्य लिहिलं. आणि खाली दुसरं, जे मी रागाच्या भरात वाचलंच नव्हतं. ती कामाला जाते, हसते, आणि माझ्यापेक्षा चांगली पुरणपोळी करते.

"मी त्या दिवशी पहिली खाल्ली," लिन म्हणाली. मग स्वतःच सुधारलं, "घेतली." पुढे म्हणाली, "टीचर म्हणाल्या होत्या, हे वाक्य मी तिला न विचारता घेतलंय. एकदा तिला सांगायला हवं."

माझा स्वभाव असा, की तेव्हाही संशय आलाच. ही मला बरं वाटावं म्हणून रचून सांगत नसेल ना? मी वही उजेडात धरली. दोन्ही वाक्यांची शाई एकच, अक्षर वहिनींचं. मग मात्र मला रडू आवरेना. वहिनींनी माझं गुपित फोडलं, हे खरंच होतं. पण ते ज्या बाईसाठी फोडलं, ती जिवंत माझ्यासमोर बसून संत्रं सोलत होती. वहिनींना सांगायचं होतं आणि मी त्यांना संधीच दिली नाही, पाटी अडकवून पळत राहिले.

आता दर गुरुवारी तीनला लिन माझ्याकडे येते. मला शिकवता येत नाही, पण 'टेक' अजून संपलेलं नाही. पहिल्या दिवशी तिनं वहीचं कोरं पान काढलं आणि एक वाक्य मागितलं, खरं. मी बराच वेळ विचार करून सांगितलं, "जाऊबाईंची वही मी त्यांना न विचारता घेतली."

लिननं ते लिहून घेतलं. पेन उजवीकडच्या रिकाम्या जागेवर नेऊन विचारलं, यातल्या 'टेक'चा अर्थ कोणता?

म्हटलं, पहिलाच, उचलून नेण्याचा. सगळ्यात सोपा.