घड्याळ अस्सल होतं

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी डोंबिवलीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बंदोबस्ताची वाटणी चालू असताना साठीच्या एक बाई केबिनमध्ये शिरल्या. निवृत्त शिक्षिका होत्या. जुनी घड्याळं जमवायचा त्यांना छंद होता.

"साहेब, माझ्या घरी एक जण जुनं खिशातलं घड्याळ विकायला आलाय. मिस्टरांनी त्याला चहाला बसवून ठेवलंय. लवकर कोणाला तरी पाठवा."

"घड्याळ बनावट आहे?"

"अहो, अस्सल आहे! मागचं झाकण उघडून पाहिलं मी. तबकडीवरचं आणि आतल्या यंत्रावरचं नाव जुळतं. खोटं तो बोलतोय. म्हणतो, आजोबा गेल्यापासून पेटीत पडून होतं. इतकी वर्षं पडलेल्या घड्याळातलं तेल वाळून चिकट होतं. हे आतून स्वच्छ आहे, चालू आहे, वेळही बरोबर दाखवतंय. याला रोज कोणीतरी चावी देतंय, साहेब. जो एवढं जपतो, तो असं परक्याच्या हाती विकायला देईल?"

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही, पण चौकशी नक्की करता येते. स्टेशन डायरीत नोंद करून मी साध्या वेशातले दोन अंमलदार पाठवले.

त्यांनी ठाण्यात आणला तो तिशीच्या आतला तरुण होता. नीटनेटके कपडे, अंगावर कुठे मारामारीची खूण नाही. नाव-पत्ता सांगताना अडखळला नाही.

"आजोबांचं आहे, साहेब. मी चोर नाय."

"आजोबा काय करायचे?"

"शेती."

"गाव?"

त्याने गाव सांगितलं. प्रश्न फिरवून विचारले तरी उत्तर बदललं नाही. आमचे हवालदार आवाज चढवणार, तेवढ्यात मी त्यांना हाताने थांबवलं. एक गोष्ट मला खटकत होती. नुसता पकडला गेलेला माणूस दाराकडे बघतो, नाहीतर साहेबाच्या हाताकडे. हा सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ओठ कोरडे पडले होते.

"साहेब, मला किती वेळ बसवणार?"

"घाई कसली आहे?"

"काय नाय."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "घरी कोण वाट बघतंय तुझी?"

 त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"एक म्हातारे बाबा आहेत. टिटवाळ्याला. एकटे असतात, मी पगारावर सांभाळतो त्यांना. घड्याळ त्यांचंच आहे. साहेब, मी सकाळी त्यांना इन्सुलिन देऊन आलेलो. खायला दिलेलं नाय. गिऱ्हाईक जाईल म्हणून निघालो, लगेच परतणार होतो. बाहेरून कुलूप आहे."

आमचे हवालदार खुर्चीतून उठलेच. इन्सुलिन घेऊन पोटात अन्न नसेल तर काय होतं, हे आमच्यापैकी कोणालाही सांगावं लागलं नाही. त्याच्याकडून इमारतीचं नाव घेऊन मी टिटवाळ्याच्या पोलिसांना फोन केला. "कुलूप तोडा. शेजाऱ्यांना बरोबर घ्या, रुग्णवाहिका मागवा." किल्ली आणि त्याला घेऊन आमची गाडीही निघाली. वाटेत तो एकच विचारत होता, "असतील ना, साहेब?" मी चालकाला सायरन लावायला सांगितलं. 

कल्याणच्या अलीकडे वाहतुकीत अडकलो असताना फोन वाजला. म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेले सापडले होते. हातात बिस्किटाचा पुडा, तो फोडता आला नव्हता. शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता.

ते वाचले. त्या तरुणावर रीतसर गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. रुग्णालयात जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी घड्याळ ओळखलं आणि म्हणाले, "मागितलं असतं तर दिलंही असतं मी त्याला." मग त्यांनी तोंड फिरवलं. तो जबाब पुरा करायला मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

त्या बाईंचं काम घड्याळ अस्सल ठरलं तिथेच संपलं होतं. घेऊन मोकळ्या झाल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण वस्तूपलीकडचा माणूस त्यांच्या मनात आला. आम्ही पोलीस आधी माल बघतो, मग पंचनामा, मग फिर्यादी. त्या दिवसानंतर, चोरीचा माल माझ्या टेबलावर आला की मी पहिला माणूस मालकाच्या घरी पाठवायचो. कागद नंतर.