अर्ध्या दाढीची फायनल

ओमानला सहम गावात नोकरीला असताना माझा न्हावी रत्नागिरीकडचा होता. दाढी करता करता तो आपल्या कॉलेजने जिंकलेली फुटबॉलची फायनल रंगवून सांगायचा आणि निम्मी दाढी झाली की शेवटच्या गोलासाठी वस्तरा हवेत उंचावायचा. एकदा मी बोलून गेलो, “ती मॅच मी पाहिलीय. तो गोल ऑफसाइड ठरला होता. तुम्ही हरलात.”

त्याने वस्तरा पुसून ठेवला आणि बाकावर जाऊन बसला.

“अहो, उरलेली दाढी?”

“खलास! हरलेल्या माणसाचा हात थरथरतो, साहेब.”

मला ऑफिस गाठायचं होतं. आरशातल्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत मी म्हणालो, “तसा रेफ्री समोरच्या टीमच्याच बाजूचा होता म्हणा.”

“मग हे आधी नाही सांगायचं?” तो ताडकन उठला. “यल्ला, चला, मान वर करा!”

तो रेफ्री मीच होतो, हे गळ्यावर वस्तरा असताना सांगायची काही गरज नव्हती.