पुस्तकात नसलेला नियम

ह्यांचे घराणे सरकारी पागेतले. सासरे घोडदळात होते, हेही काही वर्षे होते. पुढे पागा कमी झाली आणि हे लॉरी चालवायला शिकले. महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे. वाघोडियाकडे कापसाच्या गासड्या भरायच्या आणि बडोद्याच्या मालधक्क्यावर उतरवायच्या, हे काम.

लॉरीला हे घोड्यासारखेच वागवत. दर काही कोसांवर विहीर पाहून थांबायचे, इंजिनावर हात ठेवून पाहायचे, पाणी घालायचे. स्वतःला मात्र विसावा नाही. दुपारची भाकरी खाल्ली की चाक धरल्याधरल्याच डुलकी घ्यायची. खोगिरावर झोपण्याची सवय जुनी. घोडा आपल्या पायाने तबेल्यात येई.

एकदा जेवताना हसत म्हणाले, "आज डोळा उघडला तर लॉरी काटेरी थुवराच्या कुंपणात! उतरून तिची माफी मागितली."

"आणि समोरून बैलगाडी आली असती तर?"

"बैल जागे असतात गं."

त्यानंतर दुपार झाली की माझे हात कामावर ठरेनात. निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून दारात जाई, आत येई, पुन्हा जाई.

मी शिकलेली. बायकांच्या वाचनालयातून मोटार चालवण्याचे एक पुस्तक आणले. ह्यांना अक्षरओळख जेमतेम, पण छापील ओळीवर फार विश्वास. रोज जेवणानंतर मी वाचून दाखवू लागले. ब्रेक निघण्यापूर्वी तपासावा. उतारावर इंजिन बंद करू नये. ओझे मापातच भरावे. यंत्राच्या विश्रांतीबद्दल अख्खे प्रकरण होते. माणसाच्या झोपेबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा पुस्तकावरून नजर न उचलता मी वाचले, "जेवणानंतर अर्धा तास झाडाखाली आडवे झाल्याशिवाय चालकाने चाक हाती धरू नये."

"छापलंय?"

"छापलंय."

दुसऱ्या दिवसापासून हे झोपू लागले. बाकीचे लॉरीवाले चिडवत, "काय सुभेदार, हुक्का भरू का?" हे म्हणत, "चोपडीत लिहिलंय." हळूहळू तेही त्याच झाडाखाली पडू लागले.

माझ्या दुपारी शांत झाल्या, मी झाले नाही. पुस्तक पुन्हापुन्हा नावावर लिहून घेई. दुसऱ्या कुणी वाचले तर? पुस्तकाच्या नावाने खोटे बोलले, हे टोचत राही. शेवटी एका सुटीच्या सकाळी सांगून टाकले, "ती ओळ माझी आहे."

ह्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "चार माणसांत हसं केलंस माझं."

"अहो, माझी म्हणून तरी पाळा."

"बायकोच्या हुकमावर झोपायला मी काय पाळण्यातला आहे?"

चौथ्या दिवशी दुपारी वाघोडियाच्या रस्त्यावर लॉरी नाल्यात उलटली. हे एकटेच होते. वेळ जेवणानंतरची. झाडाखाली पडलेल्यांनी त्यांना न थांबता पुढे जाताना पाहिले होते.

मी खरे बोलले नसते तर, हा विचार मला आजही एका जागी बसू देत नाही.

तेराव्यानंतर त्या लॉरीवाल्यांतले दोघे भेटायला आले. एक वयस्कर गुजराती होता, त्याने विचारले, "भाभी, आम्हाला हा नियम त्यांनीच शिकवला. मग त्या दिवशी का नाही थांबले?"

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दुसरा चुळबुळत होता. म्हणाला, "वहिनी, चोपडीत आहे ना नक्की? आमचा शेठ म्हणतो, असलं कुणी छापत नाही, उद्यापासून झोपा बंद. दाखवायला सांगतोय. आम्ही दोघं आता उठतो ते त्याच्याकडेच."

"आहे," मी म्हणाले.

"कितव्या पानावर?"

"सव्विसाव्या. पण पुस्तक आत्ता देता येत नाही. उद्या सकाळी न्या."

ते गेल्यावर पुस्तक उघडले. सव्विसाव्या पानावर चाकात हवा भरण्याचे चित्र होते आणि त्याच्याखाली दोन बोटे कोरी जागा. मी दौत घेऊन बसले. छापील वळणाचे अक्षर काढायला फार वेळ लागला.