काशाच्या तारेचे डूल

काशाची तार चांदीच्या तारेसारखी गुणी नसते. ती बोटांशी भांडते. पकडीत धरून वळवली तरी थोडी मागे येतेच, म्हणून हवं त्याहून जरा जास्त वळवावी लागते. मला हे भांडण आवडतं. एकदा आकार घेतला की मग मात्र ती कुणाचं ऐकत नाही.

काल प्रदर्शनात एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. डूल बघताना त्या डाव्या कानावर पुन्हा पुन्हा केस ओढून घेत होत्या. वाकल्या तेव्हा केस सरकले आणि मला दिसलं, वर्षानुवर्षं जड दागिने घालून त्या कानाचं भोक ओघळून उजव्यापेक्षा खाली आलं होतं. त्यांनी निवडलेल्या जोडीतला एक डूल मी उचलला, कानात अडकवायची तार थोडी कापली आणि पुन्हा वळवली.

"अहो, हे काय केलंत? आता एक लांब आणि एक आखूड झाला!"

"आधी घालून तर बघा," मी म्हटलं.

जोडी म्हणजे दोन्हींची मापं एक, असं आपण धरूनच चालतो. टेबलावर ते शोभतंही. पण टेबल सपाट असतं, माणसं तशी नसतात, आणि दागिना शेवटी माणसाने घालायचा असतो.

आखूड डूल डाव्या कानात घातल्यावर आरशात दोन्ही डूल एका रेषेत झुलले. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी डाव्या कानावरचे केस उचलून कानामागे खोचले, आणि तशाच गर्दीतून चालत गेल्या.