मी न दिलेला पेला

इकडं या जरा, जवळ सरकून बसा. तुम्हा लोकांचं एक मला पटत न्हाई... असले अनुभव चवीनं वाचायचे, अंगावर काटा आणायचा आणि खाली लिहायचं, "काकू, डोळे तपासून घ्या." अरे बाळांनो, आधी पुरतं ऐकून तरी घ्या! डोळे तपासलेत. दोन्ही मोतीबिंदू काढलेत. आणि ही गोष्ट माझ्या डोळ्यांची न्हाईच.

भूत, लागीर, करणी यावर माझा विश्वास कधीच नव्हता. आम्ही ख्रिस्ती माणसं, तीन पिढ्यांपासून. शाळा माझी चौथीपर्यंत, पण मुलींच्या वसतिगृहात पंचवीस वर्षं स्वयंपाक केला. पिंपळाखाली बाई दिसते म्हणून पोरी रडायच्या, तर मी भरदुपारी हाताला धरून त्यांना तिथंच नेऊन बसवायची. "दिसली का बाई? न्हाई ना? मंग चला, भाकरी थंड होऊन राह्यली." अशी मी.

गाव परतूर तालुक्यातलं, नाव घालत न्हाई. आमचं चर्च लहान. दगडी भिंती, वर पत्रे, दोन्ही बाजूंना दहा-दहा बाक. समोर फाटक, फाटकाजवळ लिंबाचं झाड, त्याला ओटा. मागं वेस्ट्री — म्हणजे पाळकसाहेबांचा झगा आणि प्रभुभोजनाची भांडी ठेवायची खोली. तिला एकच दार, खिडकी न्हाई, आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

कोरोनात आठ महिने चर्च बंद होतं. दिवाळीच्या सुमाराला परवानगी आली, तशी पाळकसाहेबांनी नियमांची यादीच लावली. एक बाक सोडून बसायचं, बाकावर दोघंच, म्हणजे सगळी मिळून वीस माणसं. तोंडाला मास्क. सलाम लांबूनच, हात मिळवायचा न्हाई. गीत म्हणायचं न्हाई, पेटीवर नुसती चाल वाजेल. आणि पासष्टच्या वरच्यांनी घरीच थांबायचं.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा त्या विधीचा, प्रश्न मोठा. आधी पेल्यांचा ट्रे हातोहात फिरायचा, आता तो फिरवायचा कसा? मंग ठरलं की प्रत्येकानं आपापला लहान पेला शनिवारीच आणून द्यायचा, चिकटपट्टीवर नाव लिहून. मी ते उकळत्या पाण्यातून काढायचे, द्राक्षरस भरायचा आणि ज्याच्या-त्याच्या जागेवर ठेवायचे. रस दरवेळी मीच करते, काळ्या मनुका उकळून, गाळून.

अक्षर बरं म्हणून नावांची यादीही माझ्याकडंच. नाव, वय, बाक.

आता ऐका. माझं वय तेव्हा सदुसष्ट. मी चौसष्ट लिहिलं. आणि खाली लगेच पुढचं नाव लिहिलं. मनात म्हणलं, पाळकसाहेब नवे आहेत, त्यांना काय ठाऊक... आणि मीच न्हाई आले तर रस कोण भरणार?

शनिवारी सुगंधाबाई आली. ही आमच्या मंडळीतली विधवा बाई, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकटी राहते. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. पदराखालून तिनं पितळी पेला काढला, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"नाव तूच लिव्ह मार्थे, मला कुठं येतंय."

"वय किती लिहू?"

"सत्तरी कवाच गेली बाई. खोटं कशाला सांगू?"

तिथंच सांगायला पाहिजे होतं, की सुगंधाबाई, तुला येता येणार न्हाई. पण मी पेला घेतला, "बरं" म्हणले आणि वेस्ट्रीतल्या फळीवर उपडा ठेवला. तिचं नाव यादीत घातलंच न्हाई.

रविवारी सकाळी मी फाटकावर. एका हातात यादी, दुसऱ्या हातात ते ताप मोजायचं यंत्र. सुगंधाबाई दोन कोस चालत आली, जुन्या लुगड्याचा मास्क शिवून बांधलेला.

"अगं, बंदूक काय धरून राह्यलीस? मी दरोडा घालाया आले का?"

मागची माणसं हसली. ती पण हसली, आणि तिला खोकला आला. चुलीच्या धुराचा जुना खोकला, सगळ्यांना ठाऊक... तरी पण मागची माणसं दोन पावलं सरकली. मला तेवढंच निमित्त झालं.

"सुगंधाबाई, नियम आहे. पासष्टच्या वर आत घेत न्हाई. फोनवर ऐक उपासना."

"माझ्याकडं कुठला फोन? आन् पेला घेतलास की काल?"

"नियम आहे," मी परत म्हणले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिनं पदर नीट केला. मंग म्हणली, "बराबर हाय. तू ल्हान हाईस माझ्यापरीस, तुला जमतंय. जा, तुला उशीर व्हईल." आणि ओट्यावर जाऊन बसली.

तिनं भांडायला पाहिजे होतं. ती भांडली न्हाई, हेच मला आजपर्यंत खातंय.

आत मी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर. पेटीवर चाल वाजली, वीस माणसं तोंड बांधून गप. पेला उचलला तेव्हा खिडकीतून ओटा दिसत होता. सुगंधाबाई पाठमोरी बसलेली. मी पटकन डोळे मिटले. लोकांना वाटलं असेल, काय भक्ती आहे बाईची!

उपासना झाली. बाहेर आले तर ओटा रिकामा. गेली असेल म्हणून भांडी ठेवायला वेस्ट्रीचं कुलूप काढलं. फळीवर पितळी पेला... सरळ ठेवलेला. ओला. तळाला लाल थेंब, आणि मनुकांचा वास.

मी स्वतः तो उपडा ठेवला होता, कोरडा. वीस पेले मी मोजून भरले, उरलेला रस बाटलीत होता तेवढाच. कुलूप मी लावलं, मीच उघडलं.

भ्याले. पण खरं सांगू, भुताला न्हाई भ्याले. कोणी बघेल आणि विचारेल, "हा कोणाचा? बाई कुठंय?" म्हणून भ्याले. घाईघाईनं विसळला आणि पिशवीत कोंबला.

तीन आठवडे परत द्यायला धीर झाला न्हाई. शेवटी गेले. सुगंधाबाई अंगणात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मास्क न्हाई, अंतर न्हाई.

"मार्थे, तुझे उपकार मी इसरणार न्हाई बघ."

"कसले उपकार?"

"अगं, पेटी वाजत व्हती तवा माझ्यासाठी पेला घेऊन तूच आल्तीस की ओट्यावर! भाकरीचा तुकडा बी दिलास. मी कुणाला बोलले न्हाई, पाळकसाहेब तुला रागं भरतील म्हणून."

मी हात सोडवून घेतला. "मी न्हाई गं, दुसरं कोणीतरी असेल," एवढं म्हणले, तर ती हसायला लागली.

"तुझी ही वाकडी करंगळी वळखत न्हाई का मी? आन् किती रडलीस! म्हणलीस, माझं बी वय सदुसष्ट हाय, मी खोटं लिव्हलं, मला माफ कर."

ती गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला सुद्धा न्हाई.

"मंग तू काय म्हणलीस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"म्हणलं, येडी हाईस का? आठ महिने तू बी उपाशीच व्हतीस की."

तिथं मी सांगायला पाहिजे होतं. सुगंधाबाई, ती मी नव्हते. मी आत डोळे मिटून बसले होते. पण तिनं गुळाचा चहा ठेवला, आणि मी तो प्याले. उपकार पण घेतले आणि चहा पण.

पुढं एकदा फिरवून-फिरवून बाकाशेजारच्या बाईला विचारलं, "त्या दिवशी मी मधी उठले होते का गं?" ती म्हणली, "मावशी, तुम्ही तर शेवटपर्यंत हलल्याच न्हाईत." मी आत गेल्यावर फाटक सांभाळणाऱ्या भाऊंना विचारलं, तेही म्हणले, तुम्ही बाहेर आल्याच न्हाईत.

ती कोण होती? माझाच हात, माझाच आवाज... पण माझ्यापेक्षा बरी होती, एवढं नक्की. मी वाचलेल्यात, ऐकलेल्यात मला कुठं उत्तर सापडलं न्हाई. पाळकसाहेबांना विचारायचं, तर आधी वयाचं सांगावं लागेल.

सुगंधाबाई आता खाटेवरच असते. आल्या-गेल्याला सांगते, "माझ्या मार्थानं मला ओट्यावर प्रभुभोजन दिलं." बायका माझ्याकडं मानानं बघतात. तीनदा ठरवून गेले की आज सांगायचंच. तीनदा तिचे पाय चेपून परत आले. सांगितलं तर तिचा तो घास काढून घेतल्यासारखं होईल, असं मी मनाला समजावते. पण खरं कारण ते न्हाई, हे तुम्ही ओळखलंच असेल.

म्हणून म्हणते, या एखाद्या रविवारी. परतूर स्टेशनपासून रिक्षा मिळते. उपासनेनंतर मी तुम्हाला तिच्याकडं नेते. तुम्ही खाटेशेजारी बसा आणि म्हणा, "मार्थाबाई, बोला." परक्या माणसासमोर मला मागं फिरता येणार न्हाई. पण लवकर या. तिला आता पेला हातात धरवत न्हाई.