चांदबी शाळेत गेली तेव्हा

जुन्नरच्या बाजारात चांदबी लाकडी फण्या विकायची. चोपन्न साली एक दिवस शेजारची इंद्रायणी शाळेतून रडत आली. तळेघरची ही पोर शिकायला मावशीकडे राहत होती. डोक्यात उवा दिसल्या म्हणून गुरुजींनी तिला ‘डोंगरातली घाण’ म्हणत आठवडाभर ओसरीवर बसवलं होतं.

चांदबी संतापली. फणी आणि तेल घेऊन ती थेट वर्गात गेली.

“गुरुजी, उवा काय गाव इचारून चढत्यात व्हय? समद्या पोरींची डोकी बघू द्या.”

नऊपैकी सहा जणींच्या डोक्यात उवा निघाल्या, गुरुजींच्या लेकीच्याही. इंद्रायणी त्याच दिवशी आत बसली. चांदबी महिनाभर दर तिसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांची डोकी विंचरत राहिली आणि उवा गेल्या.

गुरुजींनी त्या पोरीची माफी कधीच मागितली नाही. चांदबीनेही त्यांना पुन्हा सलाम केला नाही.