राजे नदी कशी ओलांडून आले

तेरणाकाठच्या इतिहासाचं पुस्तक मी छापायला देणार होतो. त्याआधी एकदा नदी बघावी म्हणून माकणीच्या धरणावर गेलो. काठावर एक म्हातारा भोई फाटलेलं जाळं सांधत बसला होता. सुताचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि हातांपेक्षा तोंड जास्त चालू. पिशवीतली पुस्तकाची पानं त्यानं मला वाचूनच दाखवायला लावली.

राजे, निजाम, लढाया असं सगळं ऐकून तो खुदकन हसला. "समदेच नदी ओलांडून आले म्हन्ता साहेब. पोहत आले का वो?"

मी ओशाळलो. नदीवर जगलेली माणसंच माझ्या इतिहासात नव्हती. दोन वर्षं मी काय लिहीत होतो, असं वाटून गेलं.

त्याला मात्र मजा वाटत होती. "आमचा आजा वाळले भोपळे बांधून सांगड करायचा. तिच्यावर बसवून नवरीला पल्याड न्यायचा. ऐन मधी थांबायचा. नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर सांगड पुढं न्हाय!"

"तुमचं नाव सांगा, पुस्तकात घालतो."

"माझं एकट्याचं कशाला? भोई लिवा. आमी लई जण हुतो."

तिथंच बसून मी नवं पान लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. दोनदा ऐकून त्यानं मान डोलावली. मग कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली, "अगं, आपून आलो की पुस्तकात!"

"लई बरं झालं," ती तिकडून ओरडली, "आता जाळं घिऊन पान्यात या!"